देवकीच्या पाठीमागचा पुरुष

माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं आजवर कुणाला जमलेलं नाही. उभा जन्म सुर्ल्याच्या खाणीवर, ट्रक तोलायच्या काट्यावर गेला. डोळ्यांना धुळीची सवयच आहे. ट्रक काट्यावर चढायच्या आधी, नुसतं ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून मी सांगायचो की ह्याने माल जास्त भरलाय. ड्रायव्हर गुणगुणत आला की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. निष्पाप माणूस भर उन्हात कशाला गुणगुणेल?

आणि ह्या श्रावणात आमची बायको देवकी गुणगुणायला लागली.

आता आधी तिच्या धंद्याचं सांगतो. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, पानं, सुपारीचे घोस, नारळांचा घड असं काय काय बांधतात. ती माटोळी. ती नसेल तर गणपती उघड्यावर बसल्यासारखा वाटतो. आमच्या गावची निम्मी पोरं नोकरीसाठी पुण्याला आणि बेंगळुरूला. तिथे त्यांच्याकडे फ्लॅट आहे, गणपती आहे, पण रान नाही. देवकीने हे ओळखलं आणि फोनवर माटोळीची विक्री सुरू केली. रानात जाणाऱ्या बायका कवंडळं, घागऱ्या, आंबाडे असली रानफळं गोळा करायच्या, देवकी त्यांचे फोटो टाकायची, लोक मागवायचे आणि खोके बसमध्ये चढायचे. सुरुवातीला मी पोट धरून हसलो होतो. रानातली कवंडळं कधी कुणी विकत घेतलीत? मग आमच्याच पडवीत खोक्यांमुळे पाय ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा माझं हसू बंद झालं.

बघता बघता डिचोलीपासून पेडण्यापर्यंतच्या बायका तिच्याबरोबर आल्या. सगळ्या तिला विचारून वागत. कुणाचं कशावरून वाजलं की तिच्याकडे येत, आणि ती दोन वाक्यांत मिटवून टाकी. मी हे सगळं खुर्चीवर बसून बघत होतो, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण मी पंचायत बघितली आहे. सरपंच बाई असते, सही बाईची असते, आणि बोलणारा तिचा नवरा असतो. बाई पुढे दिसली की मागे कुठला तरी पुरुष असतोच, हा माझा अनुभव. आता इथे नवरा मी. आणि मी तर काही बोलत नव्हतो. म्हणजे बोलायचो पुष्कळ, पण ती ऐकत नव्हती. माझं म्हणणं एकच होतं की फळं नगावर विकू नका, वजनावर विका. पडवीत एक बारकासा काटा बसवा, मी त्यावर बसतो. ती म्हणायची, "बरें." आणि करायची आपलं तेच. मग प्रश्न असा की, माझं नाही तर ती कुणाचं ऐकत होती?

उत्तर एका दुपारी मिळालं. जेवण झालं होतं, मी नुकताच काट्याचा विषय काढला होता, आणि मेजावर ठेवलेला तिचा फोन वाजला. तिने तो उचलला, पण कानाला लावण्याआधीच आतून आवाज आला. पुरुषाचा, खर्जातला, देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा.

"देवकीबाई, ठरल्याप्रमाणे करा. घरात कोणाला कळता कामा नये."

देवकीने फोन चटकन बंद केला. माझ्याकडे पाहिलं. आणि गुणगुणत भांडी घासायला निघून गेली.

"कोण आसलो?" मी मागोमाग जाऊन विचारलं.

"खंय कोण?"

"फोनार."

"फोनार? कोण ना. तुमी जरा आड पडात, दीस बरो न्हय."

दिवस बरा नाही म्हणे, आडवे पडा म्हणे! त्या क्षणी मी ठरवलं, ह्याचा छडा लावायचाच.

त्यानंतर तो आवाज वारंवार येऊ लागला. गंमत बघा, मी काट्याचा विषय काढायचा अवकाश की फोन वाजलाच. कधी "आपला बेत पक्का," कधी "त्यांना संशय येता कामा नये." त्यांना म्हणजे मलाच की! पण मी शहाणा माणूस. तोंडाने चकार शब्द काढला नाही. चोर पकडायचा तर चोराला बेसावध ठेवावं लागतं. मी देवकीला सल्ले द्यायचं बंद केलं, बैठकीत डोकावायचं बंद केलं, आणि आमच्या साखळीच्या बसस्टँडवरच्या चहाच्या दुकानात मुक्काम ठोकला. गावात कोण परका माणूस उतरतो, कुणाकडे जातो, यावर माझी नजर. सकाळी उंडा आणि पातळभाजी, दुपारी चहा आणि मिरचीभजी, आणि मध्ये नुसती टेहळणी. हेरगिरीत वेळ फार जातो. त्या दिवसांत मला देवकीच्या धंद्यात लक्ष घालायला सवडच झाली नाही.

ती मात्र जोरात होती. पुण्यातल्या गोवेकरांच्या मंडळाला त्यांच्या सगळ्या घरांसाठी माटोळ्या हव्या होत्या, एवढं तिने जेवताना सांगितलं होतं. ते काम मिळालं असतं तर सगळ्या बायकांची चवथ सोन्याची झाली असती. पण मुंबईचा कुणी व्यापारी प्लास्टिकची माटोळी घेऊन त्याच मंडळाच्या मागे लागला होता. प्लास्टिकची कवंडळं, प्लास्टिकची सुपारी, धुवून पुसून दर वर्षी वापरा.

"ती ऑर्डर वचूंक जायना," देवकी म्हणाली होती. "सोनाबायक हांवें उतर दिलां."

काम हातचं जाऊ देणार नाही, असा शब्द तिने सोनाबाईला दिला होता. सोनाबाई म्हणजे कोल्हापूरकडची. तिचा नवरा आनंदा आमच्या खाणीवर ट्रक चालवायचा, ते काम बंद झाल्यापासून घर सगळं सोनाबाईवर होतं. देवकीचा उजवा हात. बैठका सुर्ल्याला तिच्याच घरी होत. आनंदा मात्र सरळ माणूस. काट्यावर कधी म्हणजे कधीच गुणगुणला नाही, त्यामुळे मी त्याच्यावर कधी संशयही घेतला नाही.

एके दिवशी सकाळी देवकी नवी साडी नेसून, कानांत कुडकं घालून सुर्ल्याला गेली. बैठकीला नवी साडी? मी चहाच्या दुकानात जाऊन बसलो, आणि बसमधून तो उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला काळी बॅग, अत्तराचा वास रस्त्यापलीकडून येत होता. आणि तो गुणगुणत होता.

सरळ माझ्याच बाकापाशी आला. "काका, देवकीताई कुठे राहतात हो? माटोळीवाल्या. फोन उचलत नाहीयेत."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. "तुमचें काम कितें?"

"त्यांचं माझं फोनवर सगळं बोलणं झालंय," तो हसत म्हणाला. "आज समोरासमोर भेटून पक्कं करून टाकायचं. संध्याकाळपर्यंत काय ते ठरायलाच हवं."

ऐकलंत? भर स्टँडवर, दिवसाढवळ्या! आवाज काही खर्जातला नव्हता, पण फोनवर कुणाचाही आवाज बदलतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण चेहरा मी काट्यावरच्या साहेबासारखा ठेवला.

"देवकी? ती हांगा खंय रावता? ती मोरजीला रावता."

मोरजीच का, असं तुम्ही विचाराल. तर तिथून पुढे समुद्र आहे. त्याच्या पलीकडे माणसाला पाठवायची सोय नाही. शिवाय तिथे कासवं येतात, ती अंडी घालून मुकाट्याने परत जातात. तसा हाही जाईल, असा माझा हिशेब. मी त्याला स्वतः म्हापशाच्या बसमध्ये चढवला, बॅग वर ठेवली आणि मोरजीशिवाय कुठे उतरू देऊ नको म्हणून कंडक्टरला बजावलं, "पावण्याक म्हापशां देंवय आनी मोरजेच्या बशीक बसय. मदीं खंय देंवपाक दिवं नाका." तो माणूस खिडकीतून हात हलवत माझे आभार मानत गेला. मलाच क्षणभर वाईट वाटलं.

पण आता लोखंड तापलं होतं. मी लगेच सुर्ल्याची बस धरली. तिचा तो येत नाही म्हटल्यावर देवकीचा चेहरा कसा पडतो, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. समोरच्या दाराने जाण्याइतका मी बावळट नाही. सोनाबाईच्या घराला वळसा घालून मागे गेलो. मागच्या खोलीला एक जनेल आहे, जरा उंच. तिथे एक बाल्दी पालथी घातली, वर चढलो आणि गजांना धरून कान लावला.

आत सगळ्या बायका उभ्या होत्या, फोन एका सुपात उपडे ठेवलेले. समोर देवाच्या तसबिरीपुढे नारळ. आणि देवकी गाऱ्हाणं घालत होती. गाऱ्हाणं हे आमच्याकडे देवळात घालतात. एकजण देवाला खणखणीत आवाजात मागणं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. पण तो एकजण पुरुष असतो! बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि काय सांगू, घालत होती झकास.

"बा देवा म्हाराजा, आज आमी सगळ्यो बायलो तुज्या नांवान हांगा जमल्यांव."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या वेव्हारार जो कोण वायट नदर घालता, आमच्यो खबरो जो कोण पाठल्यान कान लावन आयकता, ताची बुद्द थाऱ्यार हाड."

"व्हय म्हाराजा!"

बाल्दी जराशी हलली. देवकीने मला बघितलं होतं का? पण तिचे तर डोळे मिटलेले होते. मी गज घट्ट धरले.

"आनी पुण्यासून जो मंडळाचो मनीस आज आमचेकडेन येवपाक भायर सरला, काळी बॅग घेवन येता, ताका सुखरूप पावय. ताका वाट चुकूं दिवं नाका म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुण्याचा. मंडळाचा. काळी बॅग. माझे हात आपोआप कपाळाला गेले. बाल्दी एका बाजूला गेली, मी दुसऱ्या, आणि गज तेवढे जागच्या जागी राहिले. खाली टोपलीभर पिकलेली कवंडळं ठेवली होती, त्यांच्यावर मी बसलो. कवंडळाचा गर लालभडक असतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी माझी पाठमोरी अवस्था डोळ्यांसमोर आणू नये.

"खबरदार! जागचा हलू नकोस!" पाठीमागून गर्जना झाली. खर्जातला आवाज. देवळाच्या गाभाऱ्यातला आवाज. मी वळून पाहिलं तर हातात दांडका घेऊन आनंदा.

"तूं?" मी कवंडळांतूनच ओरडलो. "फोनार उलयता तो तूं? आनंदा, तुज्यार हांवें केन्ना दुबाव घेतलो ना रे!"

आनंदाचा दांडका खाली आला, आणि आवाज एकदम साधा झाला. "अवो साहेब, तुम्ही? लागलं न्हाई न्हवं?"

सगळ्या बायका बाहेर आल्या. देवकी पुढे. मी आनंदाकडे बोट दाखवून आवेशाने बोलायला लागलो, पण तिने हात वर केला.

"तें मागीर. तुमी स्टँडार आशिल्ले. पुण्याचो मनीस पळयलो?"

"पळयलो," मी म्हणालो. पाहिला तर होताच.

"मागीर खंय गेलो तो?"

"मोरजे."

"मोरजे? तो मोरजे कित्याक गेलो?"

"हांवें धाडलो."

सोनाबाई पायरीवर मटकन बसली. "आता काय खरं न्हाई बाई," ती पुटपुटली. "सांजपतूर ठरलं न्हाई तर त्यो पिलास्टिकवाल्याला हो म्हणनार. तसं त्यानं आधीच सांगितलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला खरंच धरणी दुभंगावी असं वाटलं. संशय घेताना सोनाबाईची चवथ माझ्या डोक्यातच नव्हती.

"हांव वतां आनी ताका हाडटां," मी त्याला परत आणायला उठत म्हणालो.

"नाका!" सगळ्या एकदम म्हणाल्या. गाऱ्हाण्यातसुद्धा एवढा एकसूर नव्हता.

देवकीने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग सुपातला फोन उचलला, पदर खोचला, आणि जणू काही घडलंच नाही अशा आवाजात बोलू लागली. "नमस्कार रुद्रेशजी. म्हापशाला पोचलात? छान छान. हो, हो, मोरजीलाच. आधी तुम्हाला आमचं तिकडचं काम बघायचंय ना. आमची गौरवी स्टॉपवर उभी असेल. तिच्याबरोबर इकडे या."

तिकडचं काम? मोरजीला कसलं काम? तिकडे एकटी गौरवी होती. हंगामात पर्यटकांना खोल्या देणारी, आणि पावसात बसून आमच्या गिऱ्हाइकांच्या फोनना उत्तरं देणारी. माटोळीचं एक पानसुद्धा तिच्या घरी नव्हतं.

देवकीने तिला फोन लावला. "गौरवी, आतां एक मनीस तुज्या दारांत पावता. आंगणांत एक माटोळी बांद."

तिकडून काहीतरी घाबरं उत्तर आलं असावं.

"कशी बांदची तें तूं पळय. हांव विचारची ना." सगळं गौरवीवर सोपवून तिने फोन ठेवला.

आमच्या खाणीवर असं झालं असतं तर वरच्या साहेबाने खालच्याला तासभर सूचना दिल्या असत्या आणि शेवटी स्वतःच जीप काढली असती. ही बाई मात्र फोन ठेवून कवंडळं निवडायला बसली. मला त्यांनी मधोमध एक कदेल दिलं आणि त्यावर बसवून ठेवलं. मी हललो की सोनाबाई वर बघायची.

"गौरवीक जमतलें?" मी शेवटी हळूच विचारलं.

"जमतलें," देवकी म्हणाली. मग खालच्या मानेने, "जमूंक जाय." तेव्हा मला दिसलं की एकच कवंडळ ती तिसऱ्यांदा निवडत होती.

ऊन उतरताना गौरवीची स्कूटर अंगणात आली. मागे रुद्रेश. बुटांत वाळू, शर्टाची इस्त्री गेलेली, आणि अजून गुणगुणत.

"ताई, कमाल आहे तुमची!" तो उतरायच्या आधीच सुरू झाला. "ह्यांच्या अंगणात गेलो तर समुद्रावरच्या आरामखुर्चीची चौकट टांगलेली, आणि तिला शेजारच्या चार घरांतून आणलेले नारळ, निरफणस, चिबूड, सुपारी. शेजारणी अजून बांधतच होत्या. मी मुद्दाम विचारलं, चवथीला खोका वेळेवर नाही पोचला तर? तर ह्या मला म्हणाल्या, अशीच चौकट काढू, अशीच शेजारणींना हाक मारू, पण तुमचा गणपती उघडा ठेवणार नाही. त्या प्लास्टिकवाल्याला मी वाटेतूनच नाही कळवलं. काम तुमचं."

सोनाबाईने पदराने डोळे पुसले. गौरवी एका खांबाला टेकून हसत होती.

"आणि आधी मोरजी दाखवायची, ही कल्पना कुणाची?" रुद्रेशने विचारलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "आमच्या ह्यांची," देवकी म्हणाली. मी मान खाली घातली. त्याला तो विनय वाटला असावा, कारण त्याने माझा हात हातात घेऊन दाबला.

मग त्याने मंडळाला दाखवायला म्हणून फोनवर देवकीचं चित्रण सुरू केलं. "ताई, गावोगावच्या बायका, सगळा धंदा ऑनलाइन, आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे. बाईला हे जमतं ते कशामुळे?"

मी घसा खाकरला आणि कदेल जरा पुढे ओढलं. अशा प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. घरच्यांचा पाठिंबा. माझ्या पाठीला अजून कवंडळं चिकटली होती, पण समोरून मी बरा दिसत होतो.

"मालाची पारख लागते," देवकी म्हणाली. "एकमेकींवर भरवसा लागतो. पण ते सगळं नंतर. आधी घरातून येणारे सल्ले थांबायला लागतात. म्हणून आमच्यातल्या प्रत्येकीने आपापल्या घोवाला कशात तरी गुंतवलाय. गौरवीने गळ आणून दिला, तिचा घोव दिवसभर मासे गरवतो. सोनाबाईच्या आनंदाला नाटकात खलपुरुष व्हायची हौस, त्याला आवाजाचं काम दिलं."

"आवाजाचं?"

"आमच्या ह्यांना मासे गरवायचा कंटाळा. टीव्ही आवडत नाही. ह्यांना फक्त संशय घ्यायला आवडतं. तर म्हटलं, एक चांगलासा संशयच आणून देऊ. काट्याचा विषय निघाला की मी मेजाखालून, धंद्याच्या दुसऱ्या फोनवरून, आनंदाला मिस कॉल द्यायची."

आनंदाने लाजत लाजत पुढे येऊन खर्ज लावला. "देवकीबाई, ठरल्याप्रमाणे करा. घरात कोणाला कळता कामा नये." रुद्रेश हसून हसून वाकला, चित्रण हललं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला राग आला. मग लाज वाटली. आणि खरं सांगतो, शेवटी तिचं कौतुकही वाटलं, कारण एवढे ट्रक काट्यावरून गेले, पण इतका भरलेला ट्रक इतक्या साध्या चेहऱ्याने कुणीच नेला नव्हता.

घरी येताना मी देवकीला सांगून टाकलं की आता संशय हा विषय माझ्यापुरता संपला. ती म्हणाली, "बरें."

दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका दुपारी मी सहज म्हटलं, "आतां ऑर्डर व्हडली. पडवेंत एक ल्हानसो काटो घालूंया. हांव बसतां—"

फोन वाजला. "देवकीबाई," आतून खर्जातला आवाज आला, "आपला बेत ठरला. त्यांना काही सांगू नका."

मी पोट धरून हसलो. आवाज जरा वेगळा वाटला, म्हटलं सर्दी झाली असेल. "आनंदाक सांग, घशांक कितें तरी घे म्हण. म्हाका आतां सगळें खबर आसा."

एवढ्यात दार ढकलून, डोक्यावर कवंडळांची टोपली घेऊन आनंदा आत आला. "बाई, ह्ये कुठं ठिवू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. फोनमधला तो माणूस अजून बोलतच होता. देवकीने तो शांतपणे बंद केला आणि गुणगुणत आत गेली.

हे पुन्हा नाटक आहे, हे न कळायला मी काही खुळा नाही. शंभर टक्के नाटक आहे. तरीपण मी उठलो, चपला पायांत सरकवल्या आणि स्टँडच्या वाटेला लागलो. काट्याचं काय, ते नंतरही बोलता येईल.